फिट अपस्माराची की डिसोसिएटिव्ह?

माणूस कोसळतो, हातपाय झटकतो, हाकेला ओ देत नाही. पुढे ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल येतो, गोळ्या वाढवूनही झटके थांबत नाहीत आणि मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, 'नाटक आहे सगळं.' हे बोलणं क्रूर आहे आणि खोटंही.

अपस्मारात मेंदूतल्या पेशी अचानक एकाच वेळी बेसुमार विद्युत संदेश सोडू लागतात. डिसोसिएटिव्ह झटक्यात तसं होत नाही. जाणीव, हालचाल आणि शरीरावरचा ताबा यांची सांगड काही काळ सुटते. माणूस हे मुद्दाम करत नसतो. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे वर्गीकरण २०२२पासून लागू झालं, त्यात हे झटके डिसोसिएटिव्ह विकारांतच मोडतात. मागे कधी जुना आघात असतो, कधी साचलेला ताण. काहींच्या बाबतीत ठळक कारण सापडतच नाही. तेव्हा 'तुला टेन्शन कसलं?' म्हणून खोदत बसू नये.

अपस्माराच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात आणि तो दोन-तीन मिनिटांत ओसरतो. डिसोसिएटिव्ह झटक्यात डोळे बरेचदा घट्ट मिटलेले असतात, मान डावी-उजवीकडे हलते, जोर कमी-जास्त होत झटका लांबतो. पण एका खुणेवर निदान ठरत नाही. काहींना दोन्ही आजार असतात. शिवाय एरवी काढलेला ईईजी नॉर्मल आला, तरी अपस्मार नाही असं म्हणता येत नाही. झटका सुरू असतानाचा व्हिडिओ-ईईजी, म्हणजे चित्रीकरण आणि ईईजी एकाच वेळी, सर्वांत भरवशाचा. घरच्यांनी मोबाइलवर केलेलं चित्रीकरणही डॉक्टरांच्या फार कामी येतं.

अपस्माराच्या गोळ्या डिसोसिएटिव्ह झटके थांबवत नाहीत (तरी स्वतःहून बंद करू नयेत). उपचार मुख्यतः मानसोपचाराचा. ब्रिटनमध्ये ३६८ प्रौढांवर झालेल्या या उपचाराच्या चाचणीचे निष्कर्ष २०२०मध्ये आले: वर्षभरानंतर झटक्यांची संख्या ठोसपणे घटली नाही, पण रोजचं जगणं सुधारलं. मला हे मोलाचं वाटतं. कारण गाडी चालवणं बंद होणं, एकट्याने बाहेर पडायची धास्ती, नोकरीची चिंता दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या वाट्याला येते. डिसोसिएटिव्ह झटकेवाल्याला वर संशयही सोसावा लागतो.

झटका कुठलाही असो, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, अंग दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. अपस्मार असेल किंवा निदान झालेलं नसेल आणि झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, तर रुग्णालय गाठा. डिसोसिएटिव्ह असल्याचं माहीत असेल, तर शांतपणे सांगत राहा, 'मी इथेच आहे, हे ओसरेल.'