अमेरिकेत फ्युएल ॲडिटिव्ह विकायचंय? ईपीएची नोंदणी कोणाला लागते, काय काय द्यावं लागतं

पेट्रोल-डिझेलमध्ये टाकायची बाटली अमेरिकेत विकायची ठरलं की लोक आधी लेबल, बारकोड, कस्टम्स एजंट यांच्यामागे लागतात आणि ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची) नोंदणी आठवते ती माल निघायच्या वेळेला. क्रम उलटा हवा. क्लीन एअर ॲक्टच्या कलम २११ प्रमाणे गाडीत वापरायचं इंधन आणि त्यात मिसळायचं ॲडिटिव्ह ईपीएकडे रजिस्टर झाल्याशिवाय बाजारात आणताच येत नाही, बारीक नियम ४० सीएफआर (अमेरिकन केंद्र सरकारचा नियमसंग्रह) पार्ट ७९ मध्ये आहेत. फॉर्म भरणं तसं सोपं आहे हो, पण बाटलीत नक्की कुठली मूलद्रव्यं आहेत हे आधी माहीत पाहिजे, कारण पुढचा खर्च आणि वेळ सगळा त्यावरच ठरतो.

आधी कोणाला लागतं ते बघू. नियम रस्त्यावरच्या गाड्यांच्या पेट्रोल आणि डिझेलसाठी आहे, म्हणजे विमानाच्या इंधनाला हा पार्ट ७९ लागत नाही. ॲडिटिव्ह म्हणजे मुद्दाम इंधनात घातलेला आणि विकण्याआधी किंवा वापरण्याआधी मुद्दाम काढून न टाकलेला पदार्थ, आणि गाडीच्या फ्युएल सिस्टीममध्ये थेट ओतलेलाही त्यात आला, म्हणजे दुकानात मिळणारे इंजेक्टर क्लीनर सगळे आत. यात एक सूट आहे. जो पदार्थ फक्त कार्बन आणि हायड्रोजनचाच आहे तो व्याख्येत बसत नाही. पण तुमच्या क्लीनरमध्ये केरोसीन नुसतं वाहक म्हणून असेल आणि सोबत डिटर्जंट असेल तर ही सूट विसरा, पूर्ण मिश्रणाचीच नोंदणी होते आणि केरोसीनही यादीत लिहावं लागतं.

आता "उत्पादक" कोण? इथं बरेच जण फसतात. बनवणारा तर आहेच, पण अमेरिकेत आयात करणाराही उत्पादकच धरला जातो आणि दुसऱ्याकडून बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकणाराही. म्हणजे एकाच कारखान्यातून एकाच फॉर्म्युल्याचा माल तीन ब्रँडच्या नावाने जात असेल तर त्या तिन्ही ब्रँडवाल्यांना आपापली नोंदणी लागते, कारखान्याची आहे म्हणून चालत नाही. इंधनाच्या बाजूला रिफायनरी आणि आयातदार येतात, शिवाय मोठ्या साठ्यात ॲडिटिव्ह मिसळून त्याचं रासायनिक स्वरूप बदलणारासुद्धा. मात्र तो रिफायनर किंवा आयातदार नसेल आणि एकूण मिसळलेलं आकारमानाने १ टक्क्यापेक्षा कमी असेल तर त्याला इंधन-उत्पादक धरत नाहीत. टर्मिनलवर (इंधनाच्या डेपोवर) डिटर्जंटचा डोस देणारे त्यामुळेच सुटतात.

ॲडिटिव्हसाठी फॉर्म आहे ३५२०-१३ आणि इंधनासाठी ३५२०-१२. ॲडिटिव्हवाल्याने द्यायचं ते असं: व्यापारी नाव, पूर्ण रासायनिक रचना प्रत्येक घटकाच्या वजनी टक्केवारीसकट आणि ती कुठल्या पद्धतीने तपासली ते, इंधनात हे ॲडिटिव्ह ओळखायची आणि मोजायची पद्धत माहीत असेल तर ती, कुठल्या इंधनात किती प्रमाणात वापरायचं त्याची रेंज, आणि ते कशासाठी आहे, म्हणजे डिटर्जंट, सिटेन (डिझेल किती सहज पेट घेतं त्याचं माप) वाढवणारं, गंजरोधक वगैरे. इंजिनात ते कसं काम करतं, उत्सर्जनावर आणि आरोग्यावर काय परिणाम होतो याची माहिती कंपनीकडे असेल तर तीही द्यायची.

रचनेच्या तक्त्यात लोक अडतात. "डिटर्जंट पॅकेज ३० टक्के, सॉल्व्हंट ७० टक्के" एवढं लिहिलं तर ती रचना झाली नाही, त्या पॅकेजच्या आत काय आहे ते पाहिजे. पण पॅकेज विकणारा पुरवठादार आपला फॉर्म्युला तुम्हाला का म्हणून सांगेल? त्यावर व्यवहारात रस्ता असा की पुरवठादार ती माहिती थेट ईपीएला कळवतो आणि तुम्ही फॉर्ममध्ये तसा उल्लेख करता. हे पत्र पुरवठादाराकडून वेळेत काढून घेणं हेच मोठं काम, तेव्हा खरेदीचा करार करतानाच त्यात हे लिहून घ्या. आणि कुठली माहिती धंद्याचं गुपित आहे ते देतानाच स्पष्ट सांगा, नंतर धावाधाव नको.

आता मूलद्रव्यांचं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, सल्फर, ही पाचच घरची. तुमचा माल या पाचात असेल तर तो बेसलाइन किंवा नॉनबेसलाइन गटात जातो, पेट्रोलमध्ये वजनाने १.५ टक्के किंवा जास्त ऑक्सिजन असला की नॉनबेसलाइन, डिझेलला ही सीमा १ टक्का. यापलीकडचं एखादं मूलद्रव्य आलं, मँगनीज, सेरियम, प्लॅटिनम, काहीही, की अटिपिकल. यात हमखास निसटतं ते सिलिकॉन. डिझेल भरताना फेस येऊ नये म्हणून पॅकेजमध्ये सिलिकोनचा अँटिफोम असतो, प्रमाण नगण्य, पण तो मुद्दाम घातलेला असतो, त्यामुळे अशुद्धी म्हणून सोडून देता येत नाही. उलट सिटेन वाढवायला वापरतात ते २-इथिलहेक्झिल नायट्रेट बघा, कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, बस, काही त्रास नाही.

गटाचं एवढं महत्त्व का, तर आरोग्य-चाचण्यांमुळे. १९९४ च्या नियमाने तीन टप्पे आणले. पहिल्यात उपलब्ध अभ्यासांचा शोध आणि धुराचं रासायनिक विश्लेषण, दुसऱ्यात इंजिनाचा धूर उंदरांना ९० दिवस हुंगवून केलेल्या विषारीपणाच्या चाचण्या, तिसरा टप्पा ईपीएला गरज वाटली तरच. दुसरा टप्पा एकट्या कंपनीने करायचा म्हणजे छोट्याचं दिवाळंच. म्हणून गट करून एकत्र डेटा द्यायची मुभा आहे. बायोडिझेलचा दोन्ही टप्प्यांचा डेटा नॅशनल बायोडिझेल बोर्डाने दिला (२०२२ पासून त्यांचं नाव क्लीन फ्युएल्स अलायन्स अमेरिका), आणि बाकीचे उत्पादक त्यांच्याशी व्यवस्था करून तो वापरतात. छोट्यांना सूटही आहे: वर्षाची एकूण विक्री ५ कोटी डॉलरच्या आत असेल आणि माल बेसलाइन किंवा नॉनबेसलाइन असेल तर पहिले दोन्ही टप्पे माफ. अटिपिकल असेल तर मर्यादा १ कोटी डॉलर आणि माफी फक्त दुसऱ्या टप्प्याला, पहिला करावाच लागतो. म्हणून म्हणतो, छोटी कंपनी असाल तर धातू किंवा सिलिकॉनवाला फॉर्म्युला घेऊन जाऊच नका, बदलता येत असेल तर आधीच बदला.

आणि नुसती नोंदणी झाली म्हणजे सगळं झालं असंही नाही. कलम २११ च्याच दुसऱ्या अटीनुसार इंधन किंवा ॲडिटिव्ह हे गाड्यांच्या सर्टिफिकेशनला वापरलेल्या इंधनाशी बऱ्यापैकी सारखं असावं लागतं, नाहीतर वेगळा वेव्हर, म्हणजे त्या अटीतून सूट, घ्यायचा. एमएमटी हे मँगनीजचं ॲडिटिव्ह याच वाटेने गेलं, एथिल कॉर्पोरेशन कोर्टात गेली आणि १९९५ मध्ये कोर्टाने ईपीएला नोंदणी करायला लावली, मर्यादा गॅलनला १/३२ ग्रॅम मँगनीज.

सल्फरचा हिशेब वेगळा करा. पेट्रोलच्या ॲडिटिव्हमुळे इंधनात ३ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ३ भागांपेक्षा) जास्त सल्फर वाढता कामा नये आणि डोस आकारमानाने १ टक्क्याच्या आत हवा. समजा तुमच्या मालात २,००० पीपीएम सल्फर आहे आणि डोस हजाराला एक, तर ढोबळ २ पीपीएम वाढला, बसतंय. तोच माल हजाराला दोन सांगितला तर ४, बाद. लेबलवर "जास्त घाण असेल तर दुप्पट टाका" लिहायची हौस असते ना, ती इथं महागात पडते.

रसायन अगदी नवीन असेल तर टॉस्का हा विषारी रसायनांवरचा वेगळा कायदाही बघावा लागतो, त्याच्या इन्व्हेंटरीत नसेल तर बनवण्याआधी किंवा आयात करण्याआधी किमान ९० दिवस नोटीस.

नोंदणी झाल्यावर रिपोर्ट चालू होतात. ॲडिटिव्हवाल्याला वर्षातून एकदा, इंधनवाल्यालाही वर्षाचा रिपोर्ट, त्यात किती इंधन बनवलं आणि कुठलं ॲडिटिव्ह कुठल्या रेंजमध्ये वापरलं ते. रिफायनर, आयातदार आणि इथेनॉल मिसळणारे यांना याशिवाय पार्ट १०९० ची (इंधनाच्या दर्जाच्या नियमांची) नोंदणी असते, ती काम सुरू करायच्या ६० दिवस आधी, ईपीएच्या सीडीएक्स पोर्टलवरून, आणि सही जबाबदार अधिकाऱ्याच्या नावाने. मग कंपनीला चार आकडी आणि प्रत्येक प्लांटला पाच आकडी नंबर मिळतो. त्यांचे वार्षिक रिपोर्ट ३१ मार्चपर्यंत, ऑडिटरचा अहवाल १ जूनपर्यंत, कागदपत्रं ५ वर्षं सांभाळायची. सगळ्यांना एक गोष्ट सारखी लागू आहे, दिलेल्या माहितीत काही बदललं, पुरवठादार बदलल्याने रचना हलली किंवा डोसची रेंज वाढवली, की ३० दिवसांत कळवायचं.

जाहिरातीबद्दल अर्ज करतानाच लेखी हमी द्यावी लागते की नोंदणी म्हणजे अमेरिकन सरकारची मंजुरी किंवा शिफारस असं आम्ही कुठेही, पत्रकात, पत्रात, जाहिरातीत, आडून सुद्धा सुचवणार नाही. ईपीए तुमचं ॲडिटिव्ह मायलेज वाढवतं का हे तपासत नाही. त्यामुळे "ईपीएने मान्य केलेलं" असं बॉक्सवर छापायला सांगणारा मार्केटिंगवाला भेटला तर त्याला ही हमी वाचायला द्या. उल्लंघनाला दंड दर दिवसाचा असतो. कायद्यातला मूळ आकडा २५,००० डॉलर रोज, महागाईप्रमाणे तो बराच वर सरकलाय, आणि नियम मोडून जो फायदा कमावला तो त्यात वेगळा धरतात.