खुबा बदललाय? पाय किती वाकवायचा ते वाचा

आमच्याकडून वॉकर नाहीतर कमोडची उंच सीट नेणारे जवळजवळ सगळेच विचारतात, की आता पाय किती वाकवायचा आणि चुकून जास्त वाकला तर सांधा निखळेल का. म्हणून हा कागद, सीटच्या खोक्याबरोबर टाकून देऊ नका.

नवीन सांध्यात एक वाटी, तिच्यात फिरणारा गोळा आणि गोळ्याखाली मान. पाय मर्यादेपलीकडे गेला की मान वाटीच्या काठाला टेकते आणि अजून जोर लागला की पहारीने दगड उचकटावा तसा गोळा बाहेर निघतो. आजूबाजूचे स्नायू नि आवरण भरून यायला वेळ लागतो, त्यामुळे पहिले 3 महिने जास्त जपायचं. 28 मिमी व्यासाच्या गोळ्यापेक्षा 36 मिमीचा गोळा निखळण्याची शक्यता कमी असते, पण म्हणून बिनधास्त राहू नका.

ऑपरेशन मागून झालंय की पुढून, हे डिस्चार्जच्या कागदावर बघा किंवा सर्जनना विचारा, कारण ओळखीतल्या कुणाला सांगितलेले नियम तुम्हाला लागू असतीलच असं नाही. मागून असेल तर खुबा 90 अंशांपुढे वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाऊल आत वळवणं टाळायचं, तिन्ही एकदम झालं तर सगळ्यात वाईट. पुढून असेल तर पाय मागे ताणून बाहेर वळवणं टाळा, म्हणजे ऑपरेशनचा पाय रोवून दुसऱ्या बाजूला गर्रकन वळू नका, छोटी छोटी पावलं टाकत वळा.

90 अंश म्हणजे मांडी आणि धडातला काटकोन. सीट उंच लावली, गुडघा खुब्याच्या खाली राहिला, सगळं बरोबर, आणि मग पेशंट खाली पडलेला मोबाईल उचलायला पुढे वाकतो! पाय जागेवरच असतो पण धड खाली आलं की कोन तोच मोडतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यासाठी लांब दांड्याचा चिमटा आणि शूहॉर्न वापरा. खुर्चीतून उठतानासुद्धा आधी कडेला सरका, ऑपरेशनचा पाय पुढे ठेवा आणि हातांवर जोर देऊन उठा.

कमरेच्या मणक्यात स्क्रू-रॉड असतील तर सर्जनना आवर्जून सांगा, कडक पाठीमुळे बसताना सगळा ताण खुब्यावर येतो. काही सर्जन हल्ली बंधनं कमी ठेवतात, तसं असेल तर त्यांचंच ऐका, आमचं नाही.

अचानक कट्कन आवाज, जोरात कळ, पाय आखूड किंवा वळलेला दिसतोय, त्यावर उभं राहता येत नाही, असं झालं तर पाय ओढून बसवायला जाऊ नका, आहे तसंच झोपवून अँब्युलन्स बोलवा.