304 की 304 अ? सदोष मनुष्यवधाच्या कलमांची पार्श्वभूमी

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गुन्हा आधी भारतीय दंड संहितेच्या कलम 304 अ खाली नोंदला गेला, नंतर 304 लागले. 304 अ म्हणजे हयगयीने मृत्यू: कमाल दोन वर्षे, गुन्हा जामीनपात्र. 304 म्हणजे खून न ठरणारा सदोष मनुष्यवध: अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात, शिक्षा दहा वर्षांपर्यंत, मारण्याचा किंवा जीवघेण्या दुखापतीचा उद्देश दिसला तर जन्मठेपही. लोक चिडले ते उगाच नाही.

पेशवाईनंतर पुण्यात 1827 ची एल्फिन्स्टन संहिता, म्हणजे मुंबई सरकारचा कायदेसंग्रह, चाले. 1 जानेवारी 1862 पासून भारतीय दंड संहिता आली. तिच्या 299 मध्ये सदोष मनुष्यवध, आणि त्यातला कोणता खून, ते 300 मध्ये. प्रत्येक खून सदोष मनुष्यवध असतोच, प्रत्येक सदोष मनुष्यवध मात्र खून नसतो.

ही सीमारेषा आखली मुंबई उच्च न्यायालयाने, 1876 च्या गोविंदा खटल्यात. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला खाली पाडले, छातीवर गुडघा रोवला, तोंडावर ठोसे मारले. कवटी फुटली नाही. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले, प्रकरण न्या. मेल्विल यांच्याकडे गेले. त्यांनी विचारले: या माराने मृत्यू संभवत होता, की सर्वसाधारणपणे मृत्यू येण्यास तो पुरेसाच होता? पहिले असेल तर 304, दुसरे असेल तर खून. त्यांनी खून मानला नाही.

नुसत्या हयगयीसाठी मात्र मूळ संहितेत कलमच नव्हते. 304 अ घातले 1870 मध्ये. पुढे मोटारी आल्या आणि बहुतेक अपघाती मृत्यू तिथेच जाऊ लागले. मुंबईच्या कार्टर रोडवर 2006 मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर चिरडले गेले. दारू पिऊन भरधाव हाकणाऱ्याला माणसे मरू शकतात याची जाणीव असते, म्हणून 304 चा दुसरा भाग (उद्देश नाही, पण जाणीव आहे) लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ठरवले.

जाणीव सिद्ध करायची म्हणजे रक्ताचा नमुना वेळेवर हवा. चालकासाठी मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्क. तास उलटतात तसे प्रमाण उतरते आणि खटला पुन्हा हयगयीकडे घसरतो.

1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा 103, सदोष मनुष्यवधाची 105, हयगयीने मृत्यूची 106 मध्ये आहे. हयगयीची कमाल शिक्षा आता पाच वर्षे. गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदा लागतो, म्हणून शिवाजीनगर न्यायालयात कल्याणीनगरसारखी प्रकरणे जुन्याच कलमांखाली चालतील.