हिरवं पाकीट आणि 'ऑरगॅनिक' पाकीट: दोन शिक्क्यांची गल्लत

धंतोलीतल्या वहिनींनी परवा ओट्यावर तूरडाळीची दोन पाकिटं ठेवली. "भाऊजी, दोन्हीवर सेंद्रियच लिहून आहे. पण हे ग्रीनवालं जास्त चांगलं असन ना जी?"

एकावर 'पीजीएस-इंडिया ग्रीन' होतं, दुसऱ्यावर 'इंडिया ऑरगॅनिक'. वहिनींचा अंदाज नेमका उलटा निघाला. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांच्या शेतीची हमी द्यायची व्यवस्था. तीत 'ग्रीन' म्हणजे शेत अजून रासायनिकातून सेंद्रियाकडे वळतं आहे. ते पूर्ण वळलं की मग 'पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक' मिळतं. हे नाव ठेवताना गिऱ्हाइकाचा विचार कोणी केला नसावा.

पण मोठी गल्लत पुढेच आहे. 'इंडिया ऑरगॅनिक' हा मुळात वेगळ्याच व्यवस्थेचा शिक्का. तो एनपीओपीचा, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा. ही व्यवस्था 2001 पासूनची, वाणिज्य मंत्रालयाची, कारभार शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडाकडे. इथं मान्यताप्राप्त संस्थेचा निरीक्षक फी घेऊन बाहेरून येतो. बियाणं कुठलं, पावत्या कुठल्या, शेजारच्या धुऱ्यावरून फवारा उडून येतो का, सगळं बघतो. हंगामी पिकाला पेरणीआधी किमान 2 वर्षं थांबावं लागतं, संत्र्यासारख्या बागेला पहिल्या सेंद्रिय तोडणीआधी 3. म्हणजे काटोलच्या बागवानानं आज औषध बंद केलं तरी मधला माल, आंबिया बहाराचा असो की मृगाचा, सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. माल सेंद्रिय म्हणून परदेशी धाडायचा तर हाच रस्ता.

पीजीएस कृषी मंत्रालयाची, देशातल्या बाजारापुरती. किमान 5 शेतकऱ्यांचा गट करायचा, शपथ घ्यायची आणि एकमेकांची वावरं तपासायची. फी भरून परका माणूस बोलवायची गरज नाही, म्हणून दोन-चार एकरवाल्याला ती झेपते. "मग ते एकमेकांना सांभाळूनच घेतील की!" हा आक्षेप ठरलेला. मला तो अर्धाच पटतो. युरियाची गोणी कोणाच्या बंडीतून उतरली हे गावाला निरीक्षकाच्या आधी कळतं. भीडेपोटी गाव गप्प बसतं, हेही तितकंच खरं.

एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, 'जैविक भारत' लोगो दिसला म्हणून यातली कोणती व्यवस्था हे कळत नाही. 2017 च्या नियमांनी दोन्ही मान्य केल्या आहेत. आणि पाकिटावर नुसतं एखाद्या सेंद्रिय शेतकरी संघाचं नाव असेल, तर ते सभासदत्व झालं, प्रमाणपत्र नव्हे.

वहिनींनी एवढं ऐकून घेतलं आणि ग्रीनचं पाकीट फोडून डाळ भिजत घातली.

"मंग हे दुसरं महागाचं पाव्हण्यांसाठी राहू देते."