व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप

एकाच सर्व्हरवर (होस्टवर) हायपरव्हायजर या सॉफ्टवेअरच्या आधारे चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांच्या (व्हीएमच्या), प्रती घेऊन त्या वेगळ्या जागी जपण्याची पद्धत. व्हीएम ही होस्टच्या दृष्टीने काही फाइलींचाच संच असते: तिची डिस्क व्हीएमवेअर या हायपरव्हायजरमध्ये व्हीएमडीके फाइल असते, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये व्हीएचडीएक्स. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअर आणि डेटा एकदम उचलून दुसऱ्या होस्टवर उभे करता येतात. मात्र होस्ट बसला, की त्यावरचे हिशेब, हजेरी, मेल सगळेच ठप्प होते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे स्नॅपशॉटला, म्हणजे व्हीएमची एका क्षणाची स्थिती गोठवून ठेवण्याच्या सोयीला, बॅकअप समजणे. स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ डिस्क फाइलमध्ये लिहिणे थांबते आणि पुढचे बदल डेल्टा फाइलमध्ये जातात. ही डेल्टा फाइल मूळ फाइलीशिवाय निरुपयोगी असते आणि सहसा त्याच डेटास्टोअरवर, म्हणजे व्हीएमच्या फाइली ठेवण्याच्या जागेवर, राहते. डिस्क गेली की दोन्ही जातात. शिवाय ती फुगत राहते. डेटास्टोअर भरला तर चालू व्हीएमही थांबते. म्हणूनच एक स्नॅपशॉट ७२ तासांहून जास्त ठेवू नये, असे व्हीएमवेअर सांगते. बॅकअप सॉफ्टवेअरही आधी स्नॅपशॉटच घेते, पण डेटा बाहेर नेऊन झाला की तो काढून टाकते.

रोज पूर्ण प्रत घेण्याची गरज नसते. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ४ पासून (२००९) बदललेल्या ब्लॉकची, म्हणजे डिस्कच्या लहान तुकड्यांची, नोंद ठेवली जाते आणि रात्री तेवढेच ब्लॉक उचलले जातात. विंडोजवर डेटाबेस चालू असेल तर व्हीएसएस या विंडोजमधल्याच सेवेमार्फत तो क्षणभर स्थिर करून घ्यावा लागतो.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक बाहेरगावी, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. सांगलीत त्यातला शेवटचा भाग सर्वाधिक महत्त्वाचा. येथे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. नदीकाठच्या गावभागातल्या तळमजल्यावर सर्व्हर आणि शेजारच्या कपाटात बॅकअपची हार्ड डिस्क, अशी मांडणी असेल तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. वरच्या मजल्यावरची प्रत भिजत नाही, पण वीज आणि रस्ता बंद असेपर्यंत हाती लागत नाही. दुसरी प्रत कृष्णाकाठापासून दूर, विटा किंवा जतसारख्या ठिकाणी असावी. पहिली पूर्ण प्रत डिस्कवर घालून गाडीने नेणेच सोयीचे, कारण १०० एमबीपीएसच्या लाइनवर १ टीबी पाठवायला किमान २२ तास लागतात. नंतरचे रोजचे बदल लाइनवरून सहज जातात.

रॅन्समवेअरपासून, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरपासून, बचावासाठी एक प्रत ठरावीक मुदतीपर्यंत पुसता न येणारी ठेवतात. बॅकअप सॉफ्टवेअरचा ‘जॉब सक्सेसफुल’ हा संदेश पुरेसा धरू नये. अधूनमधून व्हीएम रिस्टोअर करून, मुख्य नेटवर्कपासून तोडून सुरू करावी आणि हिशेबातली शेवटची पावती तिच्यात दिसते का ते पाहावे.