खरे, नारायण भास्कर

(१८८४–१९७०). मध्यप्रांत व वऱ्हाडचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान. प्रांतिक मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला त्या काळी हेच पदनाम होते. जन्म पनवेलचा. वैद्यकीय शिक्षण लाहोरला झाले आणि पंजाब विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनी मिळविली. सरकारी नोकरी सोडून ते नागपुरात वैद्यकी करू लागले. ‘डॉक्टर खरे’ हीच त्यांची कायमची ओळख ठरली. स्वराज्य पक्षातर्फे ते प्रांतिक कायदेमंडळात गेले, नंतर मध्यवर्ती कायदेमंडळातही. स्वभावाने बेधडक, बोलण्यात तिखट. राजकारणात या स्वभावाने त्यांना जितके मोठे केले तितकेच अडचणीतही आणले.

१९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार झालेल्या निवडणुकांत काँग्रेसला मध्यप्रांतात बहुमत मिळाले आणि जुलै १९३७ मध्ये खरे पंतप्रधान झाले. पण हा प्रांत मुळातच दोन भाषांचा: एकीकडे नागपूर-वऱ्हाडचा मराठी मुलूख, दुसरीकडे महाकोशलचा हिंदी. मंत्रिमंडळातही तीच फूट होती. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलचे, तर रा. मा. देशमुख व पु. बा. गोळे खऱ्यांच्या बाजूचे. त्यात कायदेमंत्री शरीफ यांनी बलात्काराच्या गुन्ह्यातील कैद्यांना मुदतीपूर्वी सोडल्याने गहजब झाला व त्यांना जावे लागले. मे १९३८ मध्ये पचमढीला वल्लभभाई पटेल आदी नेत्यांनी दोन्ही गटांत समेट घडवून आणला, पण तो टिकला नाही.

२० जुलै १९३८ रोजी खऱ्यांनी स्वतः राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांनाही द्यायला सांगितले. देशमुख, गोळे यांनी दिला. महाकोशलच्या तिघांनी मात्र पक्षश्रेष्ठींच्या आदेशाशिवाय हलणार नाही असे कळविले, तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्यांना पहाटे बडतर्फ केले. खऱ्यांनी लगेच नवे मंत्रिमंडळ बनविले. त्यात अग्निभोज या दलित सभासदाला घेतले. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रसंग पुढे काँग्रेसवरील टीकेत आवर्जून मांडला. हे मंत्रिमंडळ जेमतेम दोन दिवस टिकले. वर्ध्याला कार्यकारिणीपुढे खऱ्यांना माघार घ्यावी लागली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. विधिमंडळ पक्षाने शुक्लांना नेता निवडले.

कायद्याच्या चौकटीत पाहिले, तर आपले मंत्रिमंडळ बदलण्याचा खऱ्यांचा हक्क नाकारणे कठीण आहे. पक्षाचा आक्षेप वेगळा होता: श्रेष्ठींना डावलून ब्रिटिश गव्हर्नरचा आधार घेतल्याचा. दोन्ही बाजूंत तथ्य असले, तरी निर्णय एकाच बाजूने लागला. प्रांताचा पंतप्रधान विधिमंडळाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, दिल्ली-वर्ध्याला, म्हणजे पक्षश्रेष्ठींना, जबाबदार असतो, हे त्या आठवड्यात पक्के झाले. मुख्यमंत्री बदलण्याची पुढची काँग्रेसी रीत समजून घ्यायची, तर नागपूरच्या या प्रकरणापर्यंत मागे जावे लागते. खऱ्यांनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली. पक्षाने त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई केली.

काँग्रेसबाहेर पडल्यावर ते १९४३ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांच्या खात्याचे सभासद होते. वर्णभेदी कायद्यांबद्दल दक्षिण आफ्रिकेविरुद्ध जशास तसे वागण्याचे धोरण त्यांनी नेटाने पुढे रेटले. १९४६ मध्ये भारताने त्या देशाशी व्यापार तोडला. आयुष्यातले हे त्यांचे निर्विवाद काम.

त्यानंतरचा काळ मात्र वादाचा. एप्रिल १९४७ मध्ये ते अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. त्या वर्षी तेथील मेव मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर हत्या व हकालपट्टी झाली आणि संस्थानी फौजेचा त्यात सहभाग असल्याचे आरोप झाले. गांधीहत्येनंतर महाराजा व खरे दोघांनाही अलवरपासून दूर, दिल्लीत ठेवून चौकशी करण्यात आली. कटात सहभाग सिद्ध झाला नाही, पण पद गेले. पुढे ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. १९५० मध्ये त्यांना दिल्लीतून हद्दपार करण्यात आले. त्याविरुद्धची त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी फेटाळली. नव्या राज्यघटनेतील संचारस्वातंत्र्याचा अर्थ लावणारा हा अगदी सुरुवातीचा निवाडा असल्याने कायद्याच्या अभ्यासकांना खऱ्यांचे नाव आजही भेटते, बहुधा त्यांचे राजकारण ठाऊक नसतानाच. ग्वाल्हेरमधून पोटनिवडणूक जिंकून ते पहिल्या लोकसभेतही बसले.