नोड जाताना पडणारी प्रोसेस, नोड येताना पडणारी प्रोसेस

गळीत हंगामात सांगली भागातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून येणारा फोन साधारण एकाच वाक्याचा असतो. "सर, पावती निघंना झालीया." मागे ट्रॅक्टरचे हॉर्न वाजत असतात. सर्व्हरचा लॉग उघडला तर तिथेही एकच गोष्ट दिसते, त्या काट्याची प्रोसेस, म्हणजे त्याचं काम सांभाळणारा छोटा प्रोग्राम, पडलेली आहे. मात्र ती पडायची दोन वेगळी कारणं असतात. एक, क्लस्टरमधला, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरपैकी, एक नोड गेला. दोन, गेलेला नोड परत आला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि बहुतेक जण पहिल्याच्याच मागे लागतात. माझ्या मते जास्त महाग पडतं ते दुसरं.

मी बोलतोय ते एर्लांग आणि एलिक्सिर या प्रोग्रामिंग भाषांवर चालणाऱ्या क्लस्टरबद्दल. एर्लांग एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्सचेंजसाठी तयार झाली आणि 1998 मध्ये खुली झाली. एलिक्सिर त्याच इंजिनावर, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या त्याच यंत्रणेवर चालते. आमची रचना साधी आहे. एक नोड काट्याजवळच्या केबिनमध्ये, दुसरा ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये. प्रत्येक काट्याला एक प्रोसेस. भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकामीचं, वजाबाकी आणि पुढचा पावती नंबर एवढंच तिचं काम. तिचं नाव 'ग्लोबल'मध्ये, म्हणजे सगळ्या नोडच्या सामाईक नावनोंदणीत, नोंदवलेलं असतं, म्हणजे अख्ख्या क्लस्टरमध्ये त्या नावाची एकच प्रोसेस असायला हवी. एकाच नंबरच्या दोन पावत्या निघाल्या तर शेतकऱ्याला तुमचा तांत्रिक खुलासा ऐकायचा नसतो. तो सरळ काटामारी म्हणतो, आणि त्याचं काही चूक नाही.

आधी नोड जाण्याबद्दल. सांगून जाणं, मरणं आणि गप्प होणं हे तिन्ही लॉगमध्ये वेगवेगळे ओळखू येतात.

सर्व्हिस नीट बंद केली की सिगटर्म, म्हणजे 'आता थांब' असा सिग्नल जातो. त्यावर इंजिन शिस्तीत बंद होतं, म्हणजे सुपरवायझर (प्रोसेस चालू ठेवणाऱ्या, पडल्या तर परत उभ्या करणाऱ्या प्रोसेस) आपापल्या प्रोसेस एकेक करून थांबवतात. दुसऱ्या नोडवर जो कोणी त्या प्रोसेसवर नजर ठेवून असेल त्याला 'डाउन' मेसेज येतो आणि त्यात कारण असतं 'शटडाउन'. या प्रकारात शोधायला फारसं काही नसतं.

इंजिनच मेलं, म्हणजे कोणी किल मायनस नाइन (जबरदस्तीने मारायचा आदेश) दिला किंवा लिनक्सने मेमरीसाठी बळी घेतला, तर ऑपरेटिंग सिस्टिम मेलेल्याचे सॉकेट, म्हणजे नेटवर्क जोडणीची टोकं, स्वतः बंद करते. त्यामुळे दुसऱ्या बाजूला क्षणात कळतं. प्रोसेसच्या डाउनमध्ये कारण येतं 'नोकनेक्शन', आणि नोड जाण्याचं कारण 'कनेक्शन क्लोज्ड'.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. सर्व्हर यूपीएसवर, पण मधला आठ पोर्टचा स्विच केबिनमधल्या साध्या प्लगवर. लाइट गेली की दोन्ही नोड ठणठणीत चालू असतात आणि एकमेकांना दिसत नाहीत. सॉकेट कोणी बंद केलेला नसतो, त्यामुळे कोणालाच काही कळत नाही. इथे नेट टिकटाइम, म्हणजे समोरचा नोड किती वेळ गप्प राहिला तर गेला म्हणायचं ती मुदत, लागू होतो. तो मूळ 60 सेकंदांवर असतो, म्हणून समोरचा गप्प झालाय हे 45 ते 75 सेकंदांच्या आत कुठेतरी लक्षात येतं. तोवर पलीकडच्या प्रोसेसला केलेला प्रत्येक जेनसर्व्हर कॉल (उत्तराची वाट पाहणारी विनंती) आपले ठरलेले 5 सेकंद थांबतो आणि टाइमआउट होऊन पडतो. म्हणून लॉगमध्ये आधी टाइमआउटची रांग लागते, साधारण मिनिटभराने नोकनेक्शन येतं, आणि नोड जाण्याचं कारण असतं 'नेट टिक टाइमआउट'. हे कारण लॉगमध्ये यावं असं वाटत असेल तर नोडवर नजर ठेवताना 'नोडडाउन रीझन'चा पर्याय मागून घ्यावा लागतो. मागितला नाही तर नुसतं 'नोड गेला' एवढंच कळतं.

नोकनेक्शनचा अर्थ 'प्रोसेस मेली' असा कधीच धरू नये. 'मला ती दिसत नाही' एवढंच त्यातून कळतं. केबिनमधली प्रोसेस त्या वेळी निवांत पावत्या फाडत असते.

आता नोड येण्याबद्दल. स्विच बंद असताना ऑफिसच्या नोडवरच्या राखणदार प्रोसेसने पाहिलं की काट्याची प्रोसेस गेली. तिने इमानदारीत नवी उभी केली. आता त्याच नावाच्या दोन प्रोसेस झाल्या, एक केबिनमध्ये, एक ऑफिसात. लाइट आली, लिबक्लस्टरने (नोड आपोआप जोडणाऱ्या लायब्ररीने) किंवा एखाद्या साध्या मेसेजने दोन्ही नोड पुन्हा जोडले. ग्लोबलला एका नावाच्या दोन प्रोसेस सापडल्या. वेगळं काही सांगून ठेवलं नसेल तर तो त्यातली एक ठेवतो आणि दुसरीला थेट 'किल' देतो. जुनी कोणती, नवी कोणती, कोणाच्या हातात अर्धवट वजन आहे, हे तो पाहत नाही. किल असल्यामुळे प्रोसेसला आवराआवर करायची संधीही मिळत नाही. भरलेल्या गाडीचं वजन घेतलेलं, रिकामीचं बाकी, आणि मधूनच प्रोसेस गायब.

यापुढचा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. मेलेल्या प्रोसेसचा सुपरवायझर तिला लगेच परत उभी करायला जातो. पण नाव तर जिंकलेल्या प्रोसेसकडे आहे, त्यामुळे उत्तर येतं 'ऑलरेडी स्टार्टेड'. सुपरवायझरच्या दृष्टीने हे अपयश. तो पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा तेच. एलिक्सिरमध्ये मूळ मर्यादा 5 सेकंदांत 3 रीस्टार्टची आहे, ती पापणी लवायच्या आत संपते. मग सुपरवायझर स्वतः पडतो, त्याच्या वरचा पडतो, आणि ॲप्लिकेशन कायमस्वरूपी म्हणून चालवलेलं असेल तर पूर्ण नोडच खाली येतो. म्हणजे नोड आला म्हणून नोड गेला. अशा लॉगचा फक्त शेवट वाचणारा माणूस हमखास ठरवतो की सर्व्हर बंद पडला होता.

'किल्ड' ही अक्षरं दिसली की मेमरी संपली असा निष्कर्ष काढायची सवयही आपल्याकडे फार आहे. मेमरी संपल्यावर प्रोग्राम मारणारा लिनक्सचा ओओएम किलर एकट्या एर्लांग प्रोसेसला मारू शकत नाही, तो अख्खं इंजिन उडवतो. मेलेलं इंजिन स्वतःच्या लॉगमध्ये 'किल्ड' लिहायला मागे राहत नाही. तसं झालं असेल तर खूण कर्नलच्या लॉगमध्ये सापडेल. इंजिन जिवंत आणि एकच प्रोसेस किल्ड, असं असेल तर आधी नावाच्या भांडणाचा संशय घ्या. ग्लोबल त्याबद्दल एक ओळ लिहितो, पण इन्फो, म्हणजे वॉर्निंगहून कमी महत्त्वाच्या पातळीवर. प्रॉडक्शनमध्ये लॉग वॉर्निंगपासून पुढचाच ठेवला असेल तर नेमका तोच पुरावा गाळला जातो.

म्हणून तपास करताना एररच्या ओळीपासून मागे जाऊन सर्वांत जवळची नोडची घटना शोधायची, नोड गेल्याची की नोड आल्याची. दोन्ही सर्व्हरची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेली असतील तरच याला अर्थ आहे. केबिनमधला सर्व्हर इंटरनेटवर नसेल तर त्याचं घड्याळ निवांत मागे पडत असतं, हे आधी तपासा.

दोघांवरचे उपाय एकमेकांच्या विरोधात जातात, म्हणून ही फोड हवी. नोड गेल्याचं उशिरा कळतं म्हणून कोणीतरी टिकटाइम 60 वरून 8 वर आणतो. गप्प नोड लवकर सापडतो हे खरं. पण आता लाइटचा साधा लपंडावसुद्धा 'नोड गेला' ठरतो, आणि जितक्या वेळा नोड जातो तितक्या वेळा तो परत येतो. जाण्याचा त्रास कमी करायला जाऊन येण्याचे अपघात वाढवले जातात. शिवाय हा आकडा सगळ्या नोडवर सारखाच लागतो.

येण्याच्या बाजूने मात्र औषध वेगळं. ऑलरेडी स्टार्टेड आलं तर ते अपयश न मानता 'इग्नोर' परत द्यायचं, म्हणजे सुपरवायझर शांत राहतो. पण एवढ्यावर थांबलात तर या नोडवर ती प्रोसेस कायमची बंद, आणि जिंकलेली पुढे मेली तर तिच्या जागी कोणीच उभं राहत नाही. म्हणून जिंकलेल्या प्रोसेसवर राखणदार बसवायचा. थेट किलऐवजी हरलेल्या प्रोसेसला निरोप देणारी पद्धतही ग्लोबलमध्ये आहे, ती निवडली तर हातातलं अर्धवट वजन लिहून ठेवून ती स्वतः बाजूला होऊ शकते. बहुमताचा मार्गही आहे, तीन नोड घेऊन अल्पमतातल्या बाजूने काम थांबवायचं. बँकेत ते योग्य ठरेल. काट्यावर थांबायचं म्हणजे रस्त्यापर्यंत ट्रॉल्यांची रांग आणि ऊस वाळत पडलेला. त्यामुळे मी दोन्ही बाजूंना चालू ठेवून पावती नंबर वेगळ्या मालिकांतून देण्याच्या बाजूचा आहे. वर डेटाबेसमध्ये नंबरवर युनिक इंडेक्स ठेवायचा, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा नोंदवला जात नाही.

तीन किंवा जास्त नोड असतील तर आणखी एक चकवा आहे. ओटीपी (एर्लांगसोबत येणारा संच) 25 पासून ग्लोबल अर्धवट तुटलेलं जाळं चालू देत नाही. अ ला ब दिसतो, ब ला क दिसतो, पण अ ला क दिसत नाही, अशी स्थिती आली की तो धडधडीत चालू असलेली जोडणीही स्वतः तोडतो आणि 'ओव्हरलॅपिंग पार्टिशन्स' टाळण्यासाठी तोडली असं लॉगमध्ये लिहितो. ही ओळ वाचली नाही तर तुम्ही ब ची केबल बदलत बसता, आणि बिघाड असतो अ आणि क यांच्या मधल्या फायरवॉलमध्ये.